सिधे दात

बळीरामची गाडी दिसायच्या आधी ऐकू यायची. नागपुरातल्या कामठी रोडवर ती तिसऱ्या गिअरात आली की लांबून एक बारीक, चढत जाणारी रड सुरू व्हायची, ऊंऽऽऽ, आणि इंदोऱ्यातली पोरं खेळ सोडून ओरडायची, "रडकी आली रे, रडकी आली!" त्या आवाजासरशी जयवंता जिथे असेल तिथे तिचा हात थांबायचा. तव्यावर भाकरी असो की पिळ्यात बेबीचा लंगोट असो. ती रड कुठून आली, हे रस्त्यावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं: म्हाताऱ्या रामाजीनं गिअर चुकीचे कापले. ती कोणामुळे आली, हे मात्र एकट्या जयवंताला ठाऊक होतं.

रामाजी तिचे सासरे. उभी हयात मिलच्या वर्कशॉपात गेली आणि मिलनं जाताजाता त्यांचे कान ठेवून घेतले. मिलनं भंगारात काढलेलं, लोखंड कोरायचं एक जुनं मिलिंग मशीन त्यांनी घरी आणून पुढच्या खोलीत बसवलं आणि त्यावर ते गिअर, म्हणजे दातेरी चाकं, कापू लागले. रसवंतीच्या चरकाचे, पिठाच्या गिरणीचे, ट्रकचे, मोटारीचे. मुलगा रुपराव गिऱ्हाईक बघायचा, पोलाद आणायचा. दात कापायचे ते फक्त रामाजी. मागच्या दोन खोल्यांत संसार, आणि मधे गिलावा न केलेली एक भिंत.

जयवंता लग्न होऊन आली तेव्हा कोणाच्याच ओरडण्याला रामाजी दाद देत नव्हते. पण तिचा आवाज बारीक आणि धारदार. माहेरी तिला शिट्टी म्हणून चिडवायचे. पहिल्याच आठवड्यात ती सासऱ्यांच्या डाव्या कानाशी वाकून "मामाजी, च्या झाला" म्हणाली आणि रामाजी चमकून वळले.

"आँ? हे आयकू आलं मले!" त्यांनी हातातली कानस खाली ठेवली. "रुपराव, आयकलं का गा? माया कान घरात आला."

तेव्हापासून गिऱ्हाइकाचा निरोप सुनेच्या तोंडून जायचा. रुपरावनं सांगितलेलं ते मान हलवून घ्यायचे आणि मग हळूच मागच्या खोलीत येऊन विचारायचे, "काय म्हणत होता वं तो?" तिनं सांगितलं की खरं.

निरोप नीट पोचावा म्हणून त्यांनी तिला दुकानातले शब्द शिकवले. दोन चाकं तिच्या पुढ्यात ठेवली. एकाचे दात फणीसारखे उभे, दुसऱ्याचे मोडलेल्या मानेसारखे कललेले.

"हा सिधा दात, हा तिरपा. सिधा दात समोरच्या दातावर एकदम पुरा बसते. टक्. मंग दुसरा, टक्. जोरात फिरला का त्याचंच रडणं होते. तिरपा कसा, टोकाकून हळूच शिरते. घरात नवी सून शिरते तसा. आवाज नाही."

"मंग सारेच तिरपे काहून नाही करत?"

"तो ढकलते ना, माय! चाकाले बाजूले रेटत राह्यते, बेरिंग खाते. सिधा कोणाले ढकलत नाही. मजबूत. कापालेही सोपा. फक्त बोंबलते." मग मिशीत हसून म्हणाले, "तुई सासू सिध्या दाताची होती."

जयवंता पदर तोंडाला लावून हसली होती.

*

त्या दिवशी बेबीच्या अंगात ताप होता. सहा महिन्यांचं लेकरू, रात्र रात्र रडायचं, दिवसा डोळा लागला की भिंतीपलीकडे मशीन घर्रर्र करायचं आणि ते पुन्हा दचकून उठायचं. जयवंताच्या मांडीला कळ लागली होती. तिच्या मनात एकच गोष्ट पक्की बसली होती: हे मशीन बंद पडेल तेव्हाच माझी पोरगी झोपेल.

अशा वेळी बळीराम आला. खापरखेड्याच्या कॉलनीतून पेशंट घेऊन धंतोलीच्या दवाखान्यांत पोचवणारी टॅक्सी होती त्याची. आज मात्र तो कोणाच्या तरी सायकलच्या कॅरिअरवर बसून आलेला, मांडीवर पोतं. रुपराव इतवारीत पोलाद आणायला गेला होता. रामाजी दाराकडे पाठ करून मशीनवर उभे. बळीरामनं दारातच जयवंताला गाठलं.

"तिसऱ्या गिअरची जोडी गेली, सूनबाई. नमुना पोत्यात हाय. रामाजीभाऊले म्हणा, सिधे बनवून टाका. काही पुसत बसू नका. खापरखेड्याचे पेशंट माया दारात बसून हायत."

आणि सायकल वळलीसुद्धा.

'सिधे बनवून टाका' याचा नागपुरातल्या कुठल्याही घरात एकच अर्थ झाला असता: विचारत बसू नका, सरळ कामाला लागा. या एका घरात त्याचे दोन अर्थ होते. जयवंतानं पोतं उघडलं. दोन चाकं, तेलानं काळी. बरेच दात तुटलेले. जे उरले होते ते सगळे कललेले. तिरपे.

बळीरामला काय म्हणायचं होतं ते तिला समजलं होतं. नंतर तिनं स्वतःला किती वेळा सांगून पाहिलं की नव्हतं समजलं, बेबी रडत होती, डोकं ठिकाणावर नव्हतं. पण समजलं होतं. तिरपे दात म्हणजे मशीनचं टेबल तिरकं बांधायचं, चाक फिरतं ठेवून कापायचं, म्हणजे आजचा सगळा दिवस आणि उद्याचाही. सिधे म्हणजे दुपारीच मशीन बंद.

आत बेबी रडून रडून घसा बसल्यासारखी कण्हत होती.

"काय म्हणते वं बळीराम?" रामाजींनी मशीन थांबवून डावा कान पुढे केला.

"सिधे बनवा म्हणते."

रामाजींनी नमुना हातात घेऊन अंगठा दातावरून फिरवला. "सिधे? याचे तं तिरपे हायत."

"हो. सिधे म्हणते."

"पक्कं? बोंबलन गाडी."

"सिधेच, मामाजी. घाई आहे त्यायले."

"त्याची गाडी, त्याची मर्जी," असं म्हणून त्यांनी जोडीची दोन्ही चाकं सिध्या दातांची कापली, कारण एक सिधं, एक तिरपं असं एकमेकांत बसत नाही. दुपारी मशीन थांबलं. त्या शांततेत बेबी खरोखरच झोपली, आणि तिच्या पोटावर हात ठेवून जयवंताही झोपली. इतक्या दिवसांत अशी झोप तिला लागली नव्हती. जागी झाली तेव्हा उन्हं उतरली होती, पोरीच्या ओठांवर दुधाचा एक थेंब वाळला होता आणि बळीरामचा माणूस जोडी घेऊन गेलाही होता.

*

बळीरामच्या फिटरनं दात पाहिले, पण त्याला वाटलं गिऱ्हाइकानंच सांगितलं असेल. त्यानं जोडी बसवून दिली. चारच दिवसांत बळीराम दुकानाच्या दारात उभा होता.

"रामाजीभाऊ, हे काय करून ठेवलं गा? मी पेशंट नेऊन राहिलो का वरात? तिसरा टाकला का माणसं कानावर हात ठेवते. परवा एक बाळंतीण कानात बोळे घालून आली, बिचारी!"

रुपरावनं चाकांची हकीगत ऐकली आणि त्याचं तोंड लाल झालं. गिऱ्हाइकासमोरच तो बापावर ओरडला. इतका मोठ्यानं, की त्या दिवशी रामाजींना त्याचंही ऐकू आलं.

"तिरपा नमुना समोर असून सिधे कापले? कोणी सांगितलं होतं?"

रामाजींनी सुनेकडं पाहिलं. आरोपानं नाही, विचारावं तसं. जयवंताचे हात पिठानं भरलेले होते. ती आताच बोलणार होती. तोंड उघडलंही होतं.

"मले सिधेच आयकू आलं," रामाजी हळू म्हणाले. "मी दोनदा इचारलं असं वाटते मले. पण काय भरवसा? मशीन बंद असलं तरी मले मशीन आयकू येते. इनं तिरपेच म्हटलं असन."

त्यांनी तिच्या वतीनं उत्तर देऊन टाकलं होतं. जयवंताचं तोंड मिटलं.

"तू तं बराबरच सांगितलं असशीन ना, सूनबाई?" बळीरामनं विचारलं.

तिनं मान हलवली. मान म्हणजे काय, हो किंवा नाही, कोणत्याही दिशेला जाऊ शकते. तिची 'हो'कडे गेली.

जोडी बदलायची तर गाडी पुन्हा काही दिवस उभी ठेवावी लागणार, आणि बळीरामचं घर त्या गाडीवर. म्हणून रडकी तशीच रस्त्यावर फिरत राहिली. रामाजी मात्र मशीनपाशी फिरकेनात. पुढच्या ओट्यावर बसून जुन्या नटबोल्टांचे आटे साफ करायचे. सगळ्यात वाईट म्हणजे ते मागच्या खोलीत येऊन "काय म्हणत होता वं तो?" हे विचारायचे थांबले. जयवंता कानाशी वाकून बोलली तरी ते कसंनुसं हसून मान हलवायचे. इतरांना हलवायचे तशीच.

किती वेळा तिनं ठरवलं. भाकरी वाढताना सांगू. पाणी देताना सांगू. पण बहिऱ्या माणसाला चोरून काही सांगता येत नाही. त्याला सांगायचं म्हणजे ओरडायचं, आणि ओरडायचं म्हणजे भिंतीपलीकडे नवऱ्यानं, शेजारच्या मनकर्णाबाईनं, सगळ्यांनी ऐकायचं. मग ती बेबीच्या टाळूवर ओठ टेकवायची आणि मनात म्हणायची, उद्या.

एक दिवस रुपराव जेवताना म्हणाला, "हिंगण्याच्या एका कारखानदाराचा माणूस येत्या रविवारी मशीन पाहायले येणार आहे. इकून टाकतो. बाबाले आता झेपत नाही."

"त्यायले इचारलं?"

"इचारून काय करू वं? आयकू तं येत नाही त्यायले." आणि मग ताटात बघत, "चांगलं वाटते काय मले? त्याच मशीनवर लहानाचा मोठा झालो मी."

*

शनिवारी सकाळी बेबीचा ताप पुन्हा चढला. तिनं अंगावर पिणं सोडलं, मान एका बाजूला टाकून कण्हू लागली. बळीराम धंतोलीला रिकामाच निघाला होता. त्यानंच गाडी दारात आणली. पुढं रुपराव, मागं जयवंता आणि बेबी. रामाजी न विचारता तिच्या उजवीकडे येऊन बसले, आणि बसल्याबरोबर त्यांनी चपला काढून तळवे गाडीच्या तळाला टेकवले.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर बळीरामनं तिसरा टाकला. ऊंऽऽऽ. जयवंतानं पोरीच्या कानावर हात ठेवला. रामाजींनी डोळे मिटले.

"आयकू येते," ते कोणालाच नाही असं बोलले. "पायातून येते." थोड्या वेळानं म्हणाले, "एकसारखं रडते. एकही दात लहानमोठा नाही." त्यांच्या चेहऱ्यावर जुन्या दिवसांसारखं काहीतरी उमटलं. मग पुढच्या सीटवरच्या मुलाची पाठ दिसली आणि ते विझलं. त्यांनी पाय उचलून चपलांत घातले.

जयवंतानं हात काढून पाहिलं, तर बेबी झोपली होती.

"लहान लेकरं झोपते माया गाडीत, हे एक बरं झालं," बळीराम आरशातून म्हणाला. "मोठ्यायचं डोकं उठते. बाकी दात हटत नाही हो. किती माणसं कोंबा, तिसऱ्यात कुरकुर नाही. कामाची हाय, पण तोंडाची वाईट."

"लग्न करून टाक तिच्यासंगं," रुपराव म्हणाला. पण हसला नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बेबीच्या कानात नळी घालून पाहिलं, दुसऱ्याही कानात पाहिलं.

"कान पिकलाय हिचा. बरेच दिवस ठणकत असणार. त्यानंच झोपत नव्हती."

"मले वाटे, आवाजानं," जयवंता म्हणाली. "घरी मशीन आहे आमच्या. त्याच्या आवाजानं झोपत नाही असं..."

"आवाजाचा काय संबंध? पोरं आवाजातही झोपतात. दुखलं की मात्र नाही झोपत." त्यांनी थेंबाची बाटली लिहून दिली, कानात कापूस घातला. "आधी आणायचं ना."

दोष मशीनचा कधीच नव्हता. ज्या झोपेसाठी तिनं सासऱ्यांचा शब्द, त्यांचा हात, त्यांची उमेद देऊन टाकली, ती झोप त्या शांततेची नव्हतीच. थकून पडली होती पोरगी, एवढंच. जयवंता गाडीत येऊन बसली.

गल्ली अरुंद. पुढं कोणाची तरी मोटार आडवी लागलेली. बळीरामला वळणापर्यंत मागंमागं जावं लागणार होतं. त्यानं मान वळवली, गिअर टाकला, आणि गाडीनं पुन्हा रड काढली. वेगळी, घोगरी.

"आता हाही बाबानंच केला काय?" रुपराव म्हणाला.

"नाही गा. हा कंपनीचा. मागं जाताना सगळ्याच गाड्या रडते. त्या गिअरचे दात सिधेच राह्यते."

"काहून?" जयवंतानं एकदम विचारलं.

"मागं कोणाले लांब जा लागते, बाई? दोन पावलं. तेवढ्यापुरतं सोसते माणूस."

गाडी रडत मागं जात होती. पुढचे दोघं मागच्या काचेतून रस्ता बघत होते. आवाज भरपूर होता. जयवंता रामाजींच्या डाव्या कानाशी वाकली.

"मामाजी, ते सिधे मीच..."

पाठीमागून एक सायकलरिक्षा आडवी आली. बळीरामनं शिवी हासडून गाडी बंद केली.

गल्ली शांत झाली. रामाजी बहिरी माणसं बोलतात तसं खणखणीत म्हणाले, "काय म्हणते वं, माय?"

रुपराव वळला. बळीरामही वळला. जयवंताला अजून सुटता येत होतं. पोट्टी झोपली म्हणते, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मांडीवर बेबी, कानात पांढरा कापूस, तोंडानं श्वास घेत झोपलेली. जयवंतानं तिच्याकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे. ते नेहमीचं कसंनुसं हसू ओठांवर घेऊन मान हलवायच्या तयारीत होते. ऐकू आलं नाही तरी हलवायची तशी.

"तुम्हाले बराबर आयकू आलं होतं, मामाजी!" तिची शिट्टी दवाखान्याच्या भिंतीवर जाऊन आदळली. ओट्यावर डबा खात बसलेली माणसं वळून बघू लागली. "मीच सिधे म्हटलं! तुम्ही दोनदा इचारलं, मी दोनदा सिधेच म्हटलं! बळीरामभाऊ लवकर बनवा म्हणत होते. मले समजलं होतं. मशीन बंद व्हावं, बेबी झोपावी म्हणून मी सांगितलं!"

"जयवंता," रुपराव म्हणाला. बळीरामनं तोंड फिरवून दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

रामाजींचं हसू गेलं. ते तिच्या ओठांकडे बघत राहिले. तिनं मान खाली घातली आणि वाट पाहिली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. गाडीतून उतरून गेले असते तरी चाललं असतं.

"मंजे," ते म्हणाले, "मले बराबर आयकू आलं होतं?"

"हो."

"सिधेच म्हणली होती तू?"

"सिधेच."

"दोनदा इचारलं होतं मी?"

"हो, मामाजी. दोनदा."

रामाजींनी डाव्या कानाच्या पाळीला हात लावला, हरवलेली वस्तू खिशातच निघावी तसा. त्यांचे डोळे भरून आले. "रुपराव, आयकलं का गा? शाबूत हाय. कान शाबूत हाय माया!"

जयवंताला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. त्या माणसाचा आनंद बघून तिला रडू फुटलं. एवढ्याशा गोष्टीसाठी हा माणूस इतके दिवस ओट्यावर नटबोल्ट पुसत बसला होता, आणि ती गोष्ट तिच्या तोंडात होती.

रिक्षा हलली. बळीरामनं गाडी सुरू केली, मोठ्या रस्त्याला काढली. रुपराव तिच्याकडे वळून बघत नव्हता. त्याची पाठ ताठ होती आणि ती बरेच दिवस ताठ राहणार, हे तिला दिसत होतं. मग तो समोर बघूनच, बापाला पोचेल इतक्या मोठ्यानं म्हणाला, "उद्याच्या माणसाले येऊ नको म्हणून सांगतो."

"आँ?"

जयवंता कानाशी वाकली. डोळे पुसत सांगितलं, "मशीन इकत नाही म्हणते."

रामाजींनी मान हलवली नाही. त्यांनी ऐकलं. "बळीराम! सवड काढून जोडी खोलून आण. तिरपे कापून देतो. मायाकून, फुकट." मग बेबीकडे पाहून आवाज खाली आणला. "दोन दिवस मशीन चालन पण. पोट्टी झोपन का?"

"नाही झोपली तं घेऊन बसन मी."

बळीरामनं आरशातून एकदा जयवंताकडे पाहिलं, नजर काढून घेतली, आणि तिसरा टाकला. ऊंऽऽऽ. रस्त्यावरची माणसं वळून पाहू लागली. रामाजींनी चपला काढून तळवे पुन्हा तळाला टेकवले. थोडं अंतर गेलं, आणि त्या रडीतून त्यांनी कान तिच्या तोंडापाशी आणला.

"काय म्हणली होती वं तू त्या दिवशी?"

"सिधे, मामाजी."

त्यांनी समाधानानं मान मागं टेकवली. कॉटन मार्केट गेलं. मग पुन्हा कान जवळ आला.

"काय म्हणली होती?"

पुढं नवऱ्याची ताठ पाठ होती. जयवंतानं बेबीला छातीशी धरलं आणि तिला दचकू न देता, जमेल तेवढ्या मोठ्यानं सांगितलं, "सिधे म्हटलं होतं. मीच म्हटलं होतं."